आधी कुणाकडे जायचं?

पत्र : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे. तीन गावं आणि कोलाम आदिवासींची दोन पोडं, म्हणजे वस्त्या, माझ्याकडे आहेत. आरोग्य सेवकाचं पद रिकामं आहे. सकाळी आठला घर सोडते, संध्याकाळी सातला परतते, आणि जेवणं उरकली की रात्री बारापर्यंत रजिस्टर आणि सरकारी पोर्टलवरच्या नोंदी. दिवसभर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी ना कुणी आकडे, फोटो मागत असतं. मागच्या महिन्यात सर्वेक्षणाच्या धावपळीत एका सात महिन्यांच्या गरोदर बाईकडे जायचं राहून गेलं. गेले तेव्हा हिमोग्लोबिन ६.४ निघालं. लगेच पाठवलं, रक्त लावलं, आता ती बरी आहे. पण मला झोप लागत नाही. डायरी करून झाली, मोबाइलमध्ये अलार्म लावून झाले, पहाटे चारला उठून झालं. घरी सासूबाईंची शुगर, मुलगी दहावीला. मला वेळेचं नियोजन जमतच नाही का? बदली मागू की नोकरी सोडू? – एक सिस्टर

ताई,

आधी त्या बाईबद्दल बोलते, कारण पत्रातलं बाकी सगळं तिच्याभोवती फिरतंय. तिचं हिमोग्लोबिन ६.४ आहे हे कळलं, कारण तुम्ही गेलात आणि मोजलंत. सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, आणि सातव्या महिन्यात तो नुसत्या गोळ्यांवर सोडायचा नसतो हे ओळखून तुम्ही तिला लगेच पाठवलंत. उशीर झाला होता, पण भरून निघण्याइतका, आणि तो तुम्हीच भरून काढलात. तरीही झोप लागत नाही हे मला समजतं. आपल्या कामात राहून गेलेली गोष्ट म्हणजे राहून गेलेलं माणूस असतं, आणि ते रात्रीच आठवतं.

आता तुमचा प्रश्न. पहाटे चारला उठून, अलार्म लावून तुम्ही दिवसाचे तास वाढवायला गेलात. तास वाढले, आणि तेही त्याच कामांनी खाल्ले. तुमच्या दिवसाचा क्रम सध्या फोन लावतो आहे. ज्यानं शेवटचं मागितलं आणि जोरात मागितलं, त्याचं काम आधी होतं. ती सात महिन्यांची बाई काहीच मागत नव्हती. अंगात रक्त नसलेली बाई ओरडत नाही. ती बांधावर जरा बसते, पुन्हा उठते, आणि विचारलं तर ‘एवढं तं चालतेच बाई’ म्हणते. आपल्याकडची सगळ्यात धोक्यातली माणसं अशीच गप्प असतात. म्हणून मागणीवर चालणारा क्रम नर्सच्या कामात घातक ठरतो, मग ती नर्स कितीही मेहनती असो.

क्रम लावताना मी एकच गोष्ट विचारायला सांगेन : हे काम उद्यावर गेलं तर काय बिघडेल, आणि बिघडलेलं परत नीट करता येईल का?

या प्रश्नावर घासून पाहिलं की तुमची निम्मी कामं आपोआप जागेवर जातात. काही कामांना शरीराचं घड्याळ असतं. हिपॅटायटिस बीच्या लशीचा जन्मतःचा डोस २४ तासांच्या आतच द्यायचा. गोवर-रुबेलाच्या किंवा बीसीजीच्या लशीची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट पुढे ढकलायची नाही. जन्मानंतरच्या महिन्याभरात जी बाळं दगावतात, त्यांतली जवळपास तीन-चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. बाळाच्या घरी जाऊन त्याला बघण्याचं महत्त्व जगाला दाखवून दिलं ते आपल्याच विदर्भानं : गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज तुमच्या आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे. मग सातव्या दिवसाची भेट आणि ‘आजच फोटो टाका’ असा निरोप समोरासमोर आले, तर कुणाला थांबवायचं हे तुम्हाला कुणी सांगायची गरज उरत नाही. फोटो उद्याही निघतो.

तुमच्या डायरीचं काय चुकलं असावं याचा मला अंदाज आहे. डायरीत कामं असतात. तुम्हाला माणसांची यादी हवी. उपकेंद्राच्या भिंतीवर, तुमच्या खुर्चीसमोर एक कागद लावा. त्यावर फक्त जोखमीच्या मातांची आणि बाळांची यादी : हिमोग्लोबिन कमी असलेली, बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलेली, आधी सिझर झालेली, जुळं असलेली, उंचीनं ठेंगणी, वयानं फार लहान, आणि कमी वजनाची बाळं. नावापुढे शेवटी कधी बघितलं ती तारीख, एवढंच. येणारेजाणारे वाचतील असं वाटत असेल तर नावाऐवजी रजिस्टरचा नंबर टाका. सोमवारी सकाळी इतर कशालाही हात लावण्याआधी हा कागद वाचायचा, आणि जिची तारीख आठवड्यापेक्षा जुनी असेल तिची भेट आधी ठरवायची. सर्वेक्षण असो, मोहीम असो, आरोग्य अधिकाऱ्यांचा दौरा असो. आणि गोळ्या खाऊनही कुणाचं हिमोग्लोबिन वर येत नसेल तर तिची सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का ते बघा. आपल्या भागात हे विसरून चालत नाही.

भेटी कधी ठरवायच्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी लिहिते. कार्यालयाचं वेळापत्रक दहा ते सहाचं, आणि आपल्या बायकांचं वेळापत्रक वावराचं. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी डबा घेऊन निघते ती दिवस मावळताना येते, आणि तिला किलोवर मजुरी मिळते. तिला अकरा वाजता बोलावणं म्हणजे तिची मजुरी बुडवणं आहे. मग ती येत नाही, आपण रजिस्टरमध्ये ‘गैरहजर’ लिहितो, दोनदा चकरा मारतो, आणि वेळ पुरत नाही म्हणतो. जूनमध्ये पेरणी, नंतर निंदण, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, मग वेचणी. हे कॅलेंडर तुमच्या मायक्रोप्लॅनच्या, म्हणजे गाववार कामाच्या आराखड्याच्या, शेजारी असायला हवं. वेचणीच्या काळात आठवड्यातले दोन दिवस सकाळी लवकर थेट गावात जा आणि त्या दिवशी उपकेंद्रावर उशिरा बसा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी सांगून, फिरतीच्या कार्यक्रमात तसं लिहून. आणि बाजाराच्या दिवशी पोडावर जाऊ नका. पोड बाजारात असतं. त्या दिवशी उपकेंद्रात थांबा, किंवा बाजाराच्या गावच्या आशाताईंना निरोप द्या की अमुक दोघी दिसल्या तर पाठवा. माळरानातून पोडापर्यंतची एक फुकट गेलेली फेरी तुमचा अर्धा दिवस घेऊन जाते.

उपकेंद्रावर सकाळी दहा माणसं एकदम येतात तेव्हाचंही सांगते. पहिल्या माणसाला तपासायला घेण्याआधी उभं राहून सगळी रांग एकदा नजरेखालून घाला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पाय सुजलेली, डोकं दुखतंय म्हणणारी गरोदर बाई कुठे बसली आहे? कुणाचं बाळ मलूल पडलंय, कुणाची छाती भात्यासारखी चालतेय? दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल तर ते बाळ रांगेत बसवायचं नसतं. पावसाळ्यात वावरातून आलेला माणूस ‘काहीतरी चावलं’ म्हणत मागे उभा असेल, त्यालाही पुढे घ्या. ‘बाई, वावरात जा लागते, लवकर टोचून द्या’ म्हणणाऱ्या बाईला पाच मिनिटं थांबवलंत तर ती रागावेल, पण समजून घेईल.

आता मला खरोखर काळजी वाटते ती गोष्ट. तुमच्या पत्रात ती नाही, आणि तुम्ही तसं करता असंही मी म्हणत नाही. पण रात्री बारापर्यंत रजिस्टर लिहिणाऱ्या प्रत्येक सिस्टरला हे सांगायला हवं. वेळ कमी पडला की सगळ्यात आधी मोजणं जातं. बीपी न लावता ११०/७० लिहिलं जातं. हिमोग्लोबिन न तपासता १०.५. वजन मागच्या महिन्यापेक्षा एक किलो वाढवून. पानं भरलेली दिसतात, पोर्टलवर सगळं हिरवं होतं, कुणी विचारत नाही. आणि त्या पानात कुठेतरी ६.४ ची बाई झाकली जाते. ताई, मोजलं नसेल तर तो रकाना रिकामा सोडा. रिकामा रकाना बघून पुढची सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा तुम्ही स्वतः पुढच्या आठवड्यात थबकाल. खोटा आकडा सगळ्यांना निर्धास्त करतो. रिकाम्या रकान्यांसाठी सभेत बोलणी बसली तर बसू द्या, आणि का रिकामे राहिले ते तिथेच सांगा. दिवसात दहा माता तपासायला वेळ नसेल तर सहाच तपासा, पण त्या सहा जणींना खरंच हात लावलेला असू द्या; उरलेल्या चौघींची तारीख उद्याची.

लिहिण्याचा भार हलका करायला माझ्याकडे जादू नाही, पण एक गोष्ट नक्की बघा : एकच आकडा तुम्ही किती ठिकाणी लिहिता? बहुतेक सिस्टर आधी स्वतःच्या वहीत लिहितात, घरी येऊन रजिस्टरमध्ये उतरवतात, मग पोर्टलवर भरतात. त्यातली वही बंद करा. बाईच्या कार्डावर आणि रजिस्टरमध्ये तिथेच, ती समोर असताना लिहायचं. लसीकरणाच्या सत्रात आई बाळाला लस टोचून घेऊन अर्धा तास थांबते, थांबायलाच हवी. तो अर्धा तास नोंदींचाही आहे आणि बोलण्याचाही : कोणती लस दिली, ताप आला तर काय करायचं, पुढची कधी, कार्ड जपून ठेवा. सत्र संपताना नोंदी संपल्या तर रात्री फक्त पोर्टल उरतं, आणि त्यासाठी रोज रात्र घालवण्यापेक्षा आठवड्यातल्या दोन दुपारी, रेंज असलेल्या गावात, ठरवून द्या.

फोनबद्दल. ग्रुपवर आकडे देण्याच्या दोन वेळा ठरवा, समजा दुपारी एक आणि संध्याकाळी चार. वैद्यकीय अधिकाऱ्यांना तोंडी सांगा आणि मग ग्रुपवर लिहा : ‘सर, सत्रात आणि तपासणीत असताना मला मेसेज बघता येत नाहीत. आकडे एक वाजता आणि चार वाजता देईन. तातडीचं असेल तर फोन करा, उचलेन.’ पहिल्यांदा कुणाची तरी नाराजी येईल. पण फोन करायला सांगितल्यावर खरंच तातडीच्या गोष्टी किती कमी असतात हे त्यांनाही दिसतं. एकटीनं करणं अवघड वाटत असेल तर तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या सगळ्या सिस्टरनी मिळून मासिक सभेत हा विषय काढा. एकच माहिती कोणकोण वेगवेगळ्या तक्त्यांत मागतं त्याची यादी करून न्या. यादी समोर ठेवली की बोलणं तक्रारीवर राहत नाही, कामावर येतं. गावातल्या लोकांसाठी मात्र फोन बंद ठेवू नका. फक्त आशाताईंशी ठरवून घ्या की रक्तस्राव, झटके, जोराची डोकेदुखी, पाणी जाणं, बाळ दूध न ओढणं, साप चावणं, यांसाठी रात्री कितीही वाजता फोन यावा, आणि तुम्हाला फोन करतानाच दुसऱ्या हातानं १०८ लावलेला असावा. गोळ्या संपल्या, कार्ड हरवलं, हे सकाळी.

कामं वाटून देण्याचा सल्ला सगळेच देतात. तो देताना आशाताईंच्या खांद्यावर किती आहे ते कुणी बघत नाही. त्यांचा काही मोबदला कामागणिक असतो, आणि पैसे अनेकदा उशिरा मिळतात. म्हणून तुमचं लिखाण त्यांच्याकडे सरकवू नका. समुदाय आरोग्य अधिकारी तुमच्या उपकेंद्रावर असतील तर मात्र बीपी-शुगरचे रुग्ण पूर्णपणे त्यांच्याकडे जाऊ द्या. आलेल्या म्हाताऱ्याला ‘बस बाबा, मीच बघते’ म्हणायची आपली सवय प्रेमाची आहे, पण त्या वेळात तुमची माता राहते.

आणि आरोग्य सेवकाचं रिकामं पद. इथे मी अगदी स्पष्ट बोलते. दोन माणसांचं काम एक बाई करते आहे, आणि त्याचा उपाय तुमच्या डायरीत नाही. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र हे जे प्रमाण ठरवलं आहे, त्यात तुम्ही आणि आरोग्य सेवक असे दोघं धरलेले आहेत. तेव्हा कागद करा. तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने, पाण्याचे नमुने, टीसीएलची (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची) तपासणी, साथीचं सर्वेक्षण, अशी आरोग्य सेवकाची म्हणून जी कामं सध्या तुमच्याकडे आहेत ती एकेक लिहा, त्यात आठवड्याचा किती वेळ जातो ते लिहा, आणि त्यामुळे मातांच्या कोणत्या भेटी मागे पडल्या ते लिहा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना प्रत, आणि पोच घ्या. भाषा रडकी नको, भांडखोरही नको. पद भरेपर्यंत यांतली कोणती कामं आधी करायची ते लेखी कळवावं, अशी विनंती शेवटी करा. क्रम लावायची जबाबदारी वरच्यांचीही आहे. आज ती सगळी एकट्या तुमच्या डोक्यावर आहे आणि काही राहिलं तर दोषही तुमच्याच नावावर लागतो. हा कागद तुमचं रक्षण करेल आणि कदाचित माणूसही मिळवून देईल.

घराबद्दल थोडं. पत्रात सासूबाई आहेत, मुलगी आहे, यजमानांचा उल्लेख कुठेच नाही. ते सोबत असतील तर सासूबाईंची औषधं, त्यांची तपासणीची तारीख आणि संध्याकाळचा स्वयंपाक यातलं निदान काहीतरी त्यांच्या नावावर पूर्णपणे गेलं पाहिजे. ‘मदत करतात’ याचा उपयोग होत नाही, कारण लक्षात ठेवण्याचं काम तुमच्याकडेच उरतं. ते सोबत नसतील, किंवा काही अवघड असेल, तर मला पुन्हा लिहा; त्याचं उत्तर वेगळं आहे. मुलीच्या दहावीला तुमचा अभ्यासातला हात लागेलच असं नाही. रोज रात्री ती वाचत असताना तुम्ही त्याच खोलीत बसलेल्या असाल, रजिस्टर न उघडता, तर तिला ते पुरेल असं मला वाटतं.

झोप मात्र मी मागून घेते. चार तास झोपून दुचाकीवर गिट्टी उखडलेल्या रस्त्यानं जाणारी आणि मग इंजेक्शन भरणारी सिस्टर स्वतःलाही धोक्यात घालते आणि रुग्णालाही. पहाटे चारचा अलार्म आजच काढून टाका. रात्री साडेदहाला पोर्टल बंद, जे राहिलं ते राहिलं. आठवडाभर तसं करूनही झोप लागली नाही, तीच बाई डोळ्यांपुढे येत राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी फोन चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. दुसऱ्यांना आपण हेच सांगतो.

राहिला बदलीचा आणि नोकरीचा प्रश्न. नोकरी सोडण्याचा निर्णय झोप नसलेल्या महिन्यात घेऊ नका, एवढं मी आग्रहानं म्हणेन. बदली मागायला हरकत नाही. घर आणि उपकेंद्र यातलं अंतर तुमचे रोज दोन तास खात असेल तर ते चांगलं कारण आहे. मुलीची परीक्षा मार्चमध्ये संपेल, बदल्या उन्हाळ्यात होतात, दोन्ही जुळतं. पण नव्या ठिकाणीही ग्रुप असेल, मोहिमा असतील, कदाचित रिकामं पदही असेल. म्हणून अर्ज करायचा असेल तर करा, आणि भिंतीवरचा कागद व पदाबद्दलचं पत्र या दोन गोष्टी त्याची वाट न बघता याच आठवड्यात करा. पत्राचा मसुदा मला पाठवलात तर मी वाचून कळवीन.